देवीच्या गाण्यांच्या रेकॉर्डी भंगारात, आणि म्हणे आम्ही परंपरा जपतो!

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा.

मागच्या महिन्यात येरमाळ्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात गेलो होतो. कारण वेगळंच होतं, डीपी जळून पंधरा दिवस झालेले, त्याची बातमी करायची होती. येताना एका अण्णांच्या घरी डोकावलो. अण्णा म्हणजे आपल्या भागातले जुने साऊंड सर्व्हिसवाले. लग्न, बारसं, गणपती, जत्रा, कुठंही भोंगा बांधायचा असला की बैलगाडीत मशीन टाकून अण्णा हजर. गेल्या दिवाळीच्या आसपास ते वारले. त्यांच्याकडं दोन पत्र्याच्या पेट्या भरून रेकॉर्डी होत्या. दहा-बारा वर्षांपूर्वी मी त्या बघितल्या होत्या आणि "अण्णा, एकदा निवांत येतो" म्हणालो होतो.

काकूंनी चहा दिला. पेट्यांचं विचारलं. पेट्या जागेवरच होत्या. एकीत हरभऱ्याचं बी, दुसरीत गोधड्या.

"आन् रेकॉर्डी?"

"पुण्याचा एक पोरगा आल्ता. त्यानं निवडून सात-आठ नेल्या, पैसे बी बरे दिले. राहिलेल्या भंगारवाल्याला घातल्या. निम्म्या तर फुटल्याच हुत्या."

सून म्हणाली, त्यानं शोलेची नेली, आर.डी. बर्मनच्या नेल्या, आणि मराठी सगळ्या परत पेटीत ठेवल्या. "ह्याला गिऱ्हाईक नाही" म्हणाला.

घरी येऊन जुन्या डायऱ्या उपसल्या. त्या वेळी मी अर्धं पान खरडलेलं सापडलं: गोंधळ 4, देवीची गाणी 3, लावणी 6, भीमगीतं 5, कव्वाली 2 (लेबलवर उर्दू अक्षरं), बाकी सिनेमा. बस. कुणाचा आवाज, कुठल्या कंपनीची, काय नंबर, काहीच लिहिलेलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला कोण, कुठं, केव्हा शिकवलं होतं. तेवढं जरी लिहिलं असतं तरी आज हातात काहीतरी असतं. तेव्हा पहिली शिवी मला घाला, मग पुढं वाचा.

आता त्या पुण्याच्या पोराबद्दल. त्याच्यावर मी चिडलो होतो, पण त्याचं गणित समजून घेतलं पाहिजे.

माझा एक कॉलेजचा मित्र पुण्यात असतो, बीटल्सचा वेडा. एकच अल्बम त्याच्याकडं पाच-सहा वेळा आहे: इंग्लंडची, जर्मनीची, भारतातली, शिवाय भारतातलीच नंतरची. मी विचारलं, गाणी तीच ना? तर त्यानं रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली आणि लेबलाजवळच्या कोऱ्या कड्यात कोरलेले बारीक आकडे दाखवले. कुठल्या साच्यातून ही तबकडी निघाली ते त्यावरून कळतं. पहिल्या साच्यातली असली तर भाव वेगळा, दहाव्यातली असली तर वेगळा. दर रविवारी जुन्या बाजारात सकाळी सहाला हजर, धुळीत बसून चाळतो. बायको म्हणते, "एवढ्यात फ्लॅटचा हप्ता गेला असता." आम्ही मित्र वीस वर्षं त्याच्यावर हसतोय.

त्यानंच मला सांगितलेली एक गोष्ट ऐका. जगभरातले बीटल्सचे संग्राहक ज्या रेकॉर्डींसाठी जीव टाकतात त्यातल्या काही आपल्या देशात बनलेल्या आहेत, कोलकात्याजवळच्या डमडमच्या एचएमव्ही कारखान्यात. बीटल्स गाजायला लागले 1963 ला. तोवर इंग्लंडात 78 च्या वेगानं फिरणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्या बंद झाल्या होत्या. आपल्याकडं मात्र चालू होत्या, कारण गावोगाव वीज नव्हती आणि किल्लीचा फोनो त्याच रेकॉर्डींवर चालायचा. म्हणून बीटल्सची गाणी लाखेच्या तबकडीवर आपल्याकडं निघाली. आज तीच तबकडी परदेशात शेकडो पौंडांना जाते. म्हणजे ज्याला आपण मागासलेपण म्हणतो, किल्लीचा फोनो आणि अंधारातलं गाव, त्याच्यामुळं ती वस्तू तयार झाली. आणि तिची किंमत कळली कुणाला, तर लिव्हरपूलच्या माणसाला.

डमडमच्या त्याच कंपनीच्या तबकड्यांवर आपल्या लावण्या, पोवाडे, कीर्तनं, देवीची गाणीही निघाली. लाख तीच, भोक तेच. बीटल्सच्या प्रत्येक साच्याची नोंद छापील पुस्तकात आहे. आपल्याकडं जत्रेत वाजलेल्या रेकॉर्डीची नोंद करायची म्हटली तर माझ्या डायरीतलं अर्धं पान. दुर्मिळ कुठली जास्त, सांगा? बीटल्सची तर जगात शेकडो जणांनी जपलेली आहे. आपली एकच शिल्लक असेल आणि ती कुणाच्या तरी गोधड्यांखाली असेल.

बाजाराला दोष देत बसण्यात अर्थ नाही. त्या पोरानं गिऱ्हाईक बघितलं. ज्यांनी गिऱ्हाईक बघायचं नसतं ते काय करत होते?

काही वर्षांपूर्वी मी अशाच दुसऱ्या एका घरातल्या रेकॉर्डी घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही, टेबलावरचा माणूस सज्जन होता, त्याची नोकरी कशाला अडचणीत आणू. तो म्हणाला, "साहेब, पुस्तक असेल तर दाखल करून घेतो. ह्याला दाखल नोंदवहीत रकानाच नाही." मला हसू आलं. नंतर कायदा वाचला तेव्हा हसू गेलं. 1954 चा केंद्राचा कायदा आहे, प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची. 1956 मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली. म्हणजे माझ्यासारख्याच्या अतिक्रमणाच्या बातम्यासुद्धा देशानं जपायच्या असं ठरलं. ध्वनिमुद्रिका त्या कायद्यात नाही. आपल्या राज्यात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्यावर अ-ब-क-ड वर्गाची ग्रंथालयं चालतात, त्यांना अनुदान मिळतं. पण आमच्या आज्या ज्या आवाजात देवीला हाक मारायच्या तो आवाज ठेवायचं काम त्यात कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.

ज्यांच्या नावावर नव्हतं त्यांनीच ते केलं. मुंबईत 1990 मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था उभी राहिली. टाटा इन्स्टिट्यूटमधले भौतिकशास्त्राचे सुरेश चांदवणकर तिचं काम वर्षानुवर्षं बघत आले. लोक जमवायचे, रेकॉर्डी ऐकवायच्या, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढायचं. मुंबईत 1935 च्या सुमारास 'यंग इंडिया' नावाची देशी कंपनी निघाली होती, एचएमव्हीच्या मक्तेदारीत वीसेक वर्षं तगली आणि मिटली. तिच्या तबकड्या शोधून त्यांच्या डिजिटल प्रती केल्या त्या ह्याच मंडळींनी, आणि पैसा आला ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून. स्वदेशी कंपनीच्या रेकॉर्डी वाचवायला विलायतेतून पैसे! आणि आपण इथं कुणी काय खावं, काय घालावं ह्यावर संस्कृती जपतोय.

संग्राहकांचंही सगळं गोड नाही. ह्या मंडळींत एक जात अशी आहे की ज्यांना आपल्याकडं वस्तू असण्यापेक्षा दुसऱ्याकडं नसण्याचा आनंद मोठा. कपाटाला कुलूप, पाहुण्याला लांबून दर्शन, प्रत करून मागितली तर तोंड वाकडं. प्रत दिली की भाव पडतो म्हणे! अहो, एलपीचा भाव पडेल, पण त्यात गाणारी बाई तुमची कोण लागते? तिला त्या वेळी किती बिदागी मिळाली असेल आणि आज तिच्या गावात तिचं नाव तरी कुणाला माहीत आहे का, हा प्रश्न कधी पडतो का? असा माणूस गेला की पोरं पंधरा दिवसांत कपाट रिकामं करतात आणि आमच्या काकूंनी केलं तेच करतात. फरक एवढाच की पुण्यातला भंगारवाला जरा जास्त भाव देतो.

कायद्याचं भूत दाखवू नका. ध्वनिमुद्रणावरचा कंपनीचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो. गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो, तो पाळलाच पाहिजे. पण पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली जी गाणी आहेत त्यांच्यावर कोण दावा सांगणार?

परवा स्टँडवरच्या हॉटेलात हे सगळं बोललो तर एक जण म्हणाला, "पत्रकार, सोयाबीनला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आन् तुम्हाला रेकॉर्डी सुचतात?" बरोबर आहे त्याचं. सोयाबीनवर मी गेल्या सहा महिन्यांत किती लिहिलं ते त्यालाही माहीत आहे. पण एक विचारतो. चैत्री यात्रेला लाखो माणूस येरमाळ्यात येतं. पालखी आमराईत जाते, माणसं वाकून चुनखडी वेचतात, हजार हात लागतात आणि तो चुना देवीच्या कामाला येतो. वेचायची अक्कल आपल्याला देवीनंच दिलीय. त्याच यात्रेत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधड होईपर्यंत वाजतात, त्याची वर्गणी कधी सोयाबीनच्या भावामुळं अडली का? एका डीजेच्या रात्रीच्या पैशात रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवायचं मशीन येतं, पंधरा-वीस हजारात. फक्त ते 78 च्या वेगाचं बघून घ्यावं लागतं, आणि लाखेच्या तबकडीला सुई वेगळी, रुंद टोकाची लागते.

केसरबाई केरकरांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. 1977 मध्ये नासानं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, त्यात गोव्याच्या केरी गावच्या ह्या बाईंची भैरवी आहे. ह्याचा अभिमान सगळे सांगतात, पण ती रेकॉर्ड मिळाली कशी हे कुणी सांगत नाही. निवड करणाऱ्यांना ती सहजासहजी सापडेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात मिळाली. त्या दुकानदारानं खोकं आवरायचं म्हणून आदल्या दिवशी बाहेर काढलं असतं तर?

माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या एका तरी ग्रंथालयात एक टेबल, एक मशीन, एक नोंदवही. त्या नोंदवहीत रेकॉर्डीचा रकाना. ज्याची रेकॉर्ड त्याला परत द्या, प्रत ठेवा आणि ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू द्या. कॅसेटचंही हेच करा, उलट आधी करा, कारण फीत बुरशीनं रेकॉर्डीच्या आधी जाते आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातले आपले आराधी मेळे कॅसेटवरच आहेत. देवस्थान, ग्रामपंचायत, आमदार साहेब, कुणीही करा, फोटो तुमचाच लावतो.

तोपर्यंत घरात रेकॉर्डी असणाऱ्यांनी एवढं करा. आडव्या थप्प्या लावू नका, उभ्या ठेवा. पत्र्याखाली ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात एलपी पापडासारखी वाकडी होते. लाखेची तबकडी स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते आणि गाणं फडक्याला लागून जातं. फुटलेली असली तरी टाकू नका, लेबल तरी वाचता येतं.

त्या भंगारवाल्याकडं मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. तो म्हणाला, "काळे तवे? ते प्लास्टिकात चालत न्हाईत मालक, कुणी घेत न्हाई. मागं टाकलेत बगा." मागं उकिरड्याशेजारी तासभर उकरलं. तुकडे पुष्कळ निघाले. अख्खी एकच सापडली, लाखेची, 78 ची. लेबल पावसानं गेलंय, कोऱ्या कड्यातला नंबर तेवढा वाचता येतो. माझ्याकडं ती वाजवायला काही नाही. शनिवारी बीटल्सवाल्याकडं पुण्याला चाललोय. गाडीत जागा आहे. कळंब, वाशी, बार्शी रोडला कुणाकडं अशी पेटी असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, घरी येऊन घेतो, लेखी पावती देतो आणि वाजवून परत आणून देतो.