आवाज फाटला नव्हता, फाडला होता!

१/१०
#थ्रेड
१९६६ साली लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन या विशीतल्या गिटारवादकाने नव्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पुरता वाढवला आणि रॉक गिटारचा नाद जन्मास आला, अशी कथा इतिहास म्हणून सांगितली जाते. कथा देखणी आहे. पण ती अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण निरुपद्रवी नाही.

२/१०
प्रथम कथेतील सत्य. जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी क्लॅप्टन यांनी गिब्सन लेस पॉल गिटार मार्शलला जोडली आणि रंगमंचावर वाजवतो तेवढ्याच मोठ्याने वाजवीन, असा हट्ट धरला. स्टुडिओच्या शिरस्त्याविरुद्धचा तो हट्ट ऐतिहासिक आहे. त्याचे श्रेय त्यांना द्यावेच. शोधाचे श्रेय मात्र वेगळे.

३/१०
तो अ‍ॅम्पही शून्यातून आला नव्हता. लंडनच्या हॅनवेल भागातील दुकानदार जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास ज्या मंडलावरून पहिला अ‍ॅम्प बेतला, ते अमेरिकेतील ‘फेंडर बेसमन’चे होते. लिओ फेंडर यांनी बेसमन घडवला बेस गिटारसाठी, आणि त्यांना हवा होता स्वच्छ आवाज.

४/१०
मग हा नाद येतो कुठून? जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह या अ‍ॅम्पमध्ये असतात. मर्यादेपर्यंत ते आवाज जसाच्या तसा मोठा करतात. मर्यादा ओलांडली की ध्वनिलहरींचे माथे हळूहळू चपटे होतात आणि मूळ स्वरासोबत नवे उपस्वर उमटतात.

५/१०
इथेच वादकाचे कौशल्य सुरू होते. तार हळुवार छेडली तर स्वर स्वच्छ, जोराने छेडली तर खरखरीत. कळ फिरवून हा नाद आपोआप मिळत नाही. तो बोटांनी सांभाळावा लागतो.

६/१०
हे कौशल्य १९६६ च्या कितीतरी आधी होते. १९४९ साली ह्यूस्टनमध्ये गोरी कार्टर यांनी ‘रॉक अव्हाइल’ मुद्रित केले. १९५१ साली मेम्फिसमध्ये हाउलिन वुल्फ यांच्या ‘हाउ मेनी मोर इयर्स’वर विली जॉन्सन यांची गिटार गुरगुरली. दोघेही कृष्णवर्णीय वादक. दोन्ही मुद्रणे आजही ऐकता येतात. ऐका आणि ठरवा.

७/१०
“पण तो तर अपघात होता!” हे ठरलेले उत्तर. आधार ‘रॉकेट ८८’चा: मार्च १९५१, मेम्फिस, विली किझार्ट यांचा वाटेत मोडलेला अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कोंबलेला कागद. परंतु फाटका स्पीकर आणि मर्यादेपलीकडे नेलेला व्हॉल्व्ह या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय अ‍ॅम्प मोडणे हा अपघात. तो आवाज ऐकून ध्वनिमुद्रिकेवर ठेवणे हा निर्णय.

८/१०
“लहान अ‍ॅम्प, गोंगाटाची मद्यगृहे, आवाज वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते,” असाही आक्षेप येतो. मान्य. गरजेने आवाज वाढवला असेल. पण त्या खरखरीतून स्वर घडवला तो कानाने. तंबोऱ्याच्या तारेखाली सूत सरकवून जवारी लावणाऱ्याला आपण अपघाती म्हणतो काय?

९/१०
आता शब्दांची वाटणी पाहा. लंडनच्या गोऱ्या तरुणाने केले तो ‘शोध’, मेम्फिसच्या कृष्णवर्णीय वादकाने केले तो ‘बिघाड’. एकाला प्रतिभा, दुसऱ्याला योगायोग! खुद्द क्लॅप्टन यांनी हे ऋण कधी लपवले नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेवर ओटिस रश, फ्रेडी किंग आणि रॉबर्ट जॉन्सन यांच्या रचना आहेत. शिष्याने गुरूंची नावे घेतली. ती गाळली आपण, कथा सांगणाऱ्यांनी.

१०/१०
इतिहासाच्या अभ्यासकाने ‘अपघात’ हा शब्द दिसताच थबकावे. अपघात कोणाच्या हातून घडला आणि शोध कोणाच्या नावे लागला, हे विचारावे. व्हॉल्व्हला वर्ण कळत नाही. तो इतिहास लिहिणाऱ्याला कळतो, म्हणूनच लेखणीवर पहारा हवा.