महाग काय? विषय की कर्ज?

‘समाजशास्त्र शिकून पगार किती मिळणार?’ अब्बांनी मलाही विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी काढलं, तर वर्षाला ४० हजार नुसतं व्याज. सुरुवातीचे दोन-तीन पगार त्यातच जातात. म्हणून खासगी विद्यापीठाच्या फीसाठी कर्ज काढू नका, सरकारी किंवा अनुदानित कॉलेज शोधा. पण विषयच सोडा, हे मला मान्य नाही. २००६च्या सच्चर अहवालाने आपलं मागासलेपण आकड्यांत मांडलं. त्या समितीत टी. के. उम्मन हे समाजशास्त्रज्ञ होते. २०२२मध्ये केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. संशोधनाची बिनकर्जाची एक वाट बुजली. दोस्तहो, भांडण विषयाशी नको, ती वाट पुन्हा उघडण्यासाठी हवं. नाहीतर आपल्या मोहल्ल्यांबद्दल कायम दुसरेच लिहितील.