गादीची चड्डी

या अंकासाठी मी चड्डीवर लिहिणार आहे असं बैठकीत सांगितलं, तेव्हा सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, महागाई, रेशन, बायकांवरचे हल्ले, एवढे विषय पडलेत आणि तू चड्डीवर काय लिहितेस?" तिचं म्हणणं खोटं नाही. पण हसणं ओसरल्यावर तिघीजणी चहाच्या वेळी हळूच माझ्याजवळ येऊन बसल्या आणि आवाज बारीक करून नेमकं त्याच चड्डीबद्दल विचारू लागल्या. ज्या गोष्टीबद्दल आपण आवाज बारीक करतो, ती लिहायला हवी, असं आपणच इतकी वर्षं म्हणत आलो ना?

माझं बालपण तालुक्याच्या गावी गेलं. तासावर भाड्याने मिळणारी मोठी सायकल घेऊन, दांडीच्या मधून पाय घालून मी शिकले. नववीत गेल्यावर आत्याने आईला सांगितलं, "आता पुरे झालं तिचं." का पुरे, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर थेट चोपन्नाव्या वर्षी, गुडघे दुखायला लागले आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली तेव्हा, पुन्हा सीटवर बसले. पुण्यात रविवारी सकाळी बायकांचा एक गट निघतो, त्यांच्याबरोबर जायला लागले. आधी आसपासच, मग खडकवासल्यापर्यंत.

पहिले तीन महिने पंजाबी ड्रेस घालून जात होते. ओढणी घरी ठेवायची हे एकदा ती चेनमध्ये अडकल्यावर कळलं. सलवारीला वंगणाचे डाग पडायचे ते पडायचेच, पण खरी अडचण वेगळी होती. दीड-दोन तास सायकल चालवून घरी आलं की मांड्या आतून सोलवटलेल्या असायच्या, जांघेत पुरळ यायचं, एकदा तर बसवेना इतका मोठा फोड आला. मी कुणाला बोलले नाही. खोबरेल लावायचं आणि गप्प बसायचं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, तीस वर्षं बायकांच्या आरोग्याची शिबिरं घेतलेली मी बाई, जांघेतल्या फोडाबद्दल कुणाशी बोलू शकले नाही. याची मला आज जास्त लाज वाटते.

शेवटी गटातल्या एका तरुण मुलीनेच, माझं अवघडून चालणं बघून, मला बाजूला घेतलं. तिने जे सांगितलं ते मी इथे सगळ्यांसाठी सांगते, कारण ते कुठेच धडपणे सांगितलं जात नाही. सायकलवर आपला भार बसायच्या दोन हाडांवर येतो. बायकांमध्ये ही हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा लांब-लांब असतात, म्हणून पुरुषांच्या मापाची अरुंद सीट आपल्याला बोचते. ढगळ कपडा मांडी आणि सीट यांच्यामध्ये गोळा होतो, घामाने ओला होतो आणि प्रत्येक पायडलला घासतो. शिवण असेल तिथे जास्त. ओल आणि घर्षण एकत्र आलं की केसांच्या मुळाशी जंतू शिरतात आणि फोड येतात. सायकलची चड्डी घट्ट असते ती दाखवण्यासाठी नाही, तर ती सरकू नये, चुण्या पडू नयेत म्हणून. तिच्यात बसायच्या जागी गादी शिवलेली असते. आणि आत निकर घालायची नसते, कारण निकरीची शिवणच घासते! हे ऐकून मी "शी, काहीतरीच" म्हटलं होतं. परत आल्यावर ती लगेच काढून धुवायची, ओली अंगावर ठेवून चहा पीत बसायचं नाही. सीटची उंचीही बघायची. पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा.

इतकी साधी गोष्ट. पुरुष टपरीवर उभ्या उभ्या हे एकमेकांना सांगतात. आपल्याला ती सांगणारं कुणी नसतं. दुकानात विचारावं तर काउंटरपलीकडे विशीतला मुलगा.

चड्डी आणली. ती घालून आरशासमोर उभी राहिले आणि परत काढून ठेवली. असं दोन रविवार झालं. पोट, मांड्या, बाळंतपणानंतर सैलावलेलं सगळं त्या काळ्या कापडात जसंच्या तसं दिसत होतं. तिसऱ्या रविवारी घातली, पण कमरेला नवऱ्याचा शर्ट बांधून, आणि वॉचमन झोपेत असेल अशा बेताने पावणेसहाला लिफ्टने उतरले. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा भेटले. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही बहुतेक, पण मी घामेघूम.

रस्त्यात चहाला थांबतो तिथे पुरुषांचेही गट असतात. त्यांचे कपडे तेच, तसेच घट्ट. पोटं आमच्याइतकीच सुटलेली, काहींची जास्तच. पण ते रस्त्याच्या मधोमध हात कमरेवर ठेवून उभे असतात, वाकून चाकातली हवा बघतात, हसतात. आमच्यातल्या बाया मात्र भिंतीला पाठ लावून उभ्या. कुणी जॅकेट बांधते, कुणी टी-शर्ट खाली ओढते. बसायला बाक मोकळा असला तरी बसत नाहीत, कारण बसलं की मांड्या दिसतात. तिकडे काही अश्लील बोललं गेलं असं दर वेळी होत नाही. क्वचित शिट्टी, क्वचित मोबाइल वर धरलेला. पण आपल्याला त्याची वाट बघायची सवय आहे.

आता जरा कटू बोलते. एका रविवारी उशीर झाला म्हणून मी सायकलवरूनच थेट आपल्या बैठकीला आले. कुणी काही बोललं नाही. मग एकीने प्रेमाने आपली ओढणी काढून माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "राहू दे गं, वाऱ्याचं बरं असतं." मे महिना होता. मी ती ओढणी दोन तास मांडीवर ठेवली. त्या दिवशीच्या बैठकीचा विषय होता मुलींच्या कपड्यांवरची बंधनं. मला त्या मैत्रिणीचा राग नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण रस्त्यावरच्या पुरुषाच्या नजरेला तोंड द्यायला मी तयार होऊन निघते. आपल्या घोळक्यात आल्यावर मात्र मी अंग सोडून बसते, आणि तिथेच ओढणी पडली तर ती जड वाटते.

इतिहास बघितला तरी हेच दिसतं. इंग्लंडात सायकल बायकांच्या हाती आली तेव्हा घोळदार झगे चाकात अडकत, म्हणून काहीजणींनी गुडघ्याखाली बांधलेल्या ढगळ विजारी घालायला सुरुवात केली. 1897 सालच्या मे महिन्यात, बायकांना पदव्या द्याव्यात का यावर केंब्रिज विद्यापीठात मतदान होतं. विरोधक विद्यार्थ्यांनी सिनेट हाउससमोर विजार घातलेल्या, सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला. पदवी आणि विजार, दोन्हींची भीती एकाच पुतळ्यात! ठराव पडला, आणि केंब्रिजने बायकांना पूर्ण पदव्या दिल्या त्या 1948 साली. हे पुरुषांचं झालं. पण 1898 साली लेडी हार्बर्टन ही सुटसुटीत पोशाखाची पुरस्कर्ती बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी गेली, तेव्हा तिच्या विजारीमुळे तिला हॉटेलच्या चांगल्या दालनात घेतलं नाही, दारू पिणाऱ्यांच्या खोलीत बस म्हणून सांगितलं. तसं सांगणारी हॉटेलची मालकीण बाईच होती. सायकलस्वारांच्या संस्थेने 1899 साली तिच्यावर खटला भरला. ती सुटली, कारण दुसरी खोली देऊ केली होती ना! दुसरी खोली आपल्यालाही नेहमीच देऊ केली जाते.

यावर एक आक्षेप येईल, आलाच आहे. ही चड्डी म्हणजे बाजाराने काढलेलं खूळ, सायकलला बाई कुठल्याही कपड्यात बसू शकते. निम्मं मला मान्य आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत खेड्यातल्या हजारो बाया सायकल शिकल्या, त्या साड्यांतच. लेडीज सायकली पुरेनात म्हणून त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या, आणि दांडीवर पोर बसवता येतं म्हणून त्याच जास्त आवडल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी तर काष्टा घालून चिखलात भात लावला. त्यांचे पाय दिसले म्हणून कुणाचं काही बुडालं नाही. कामाचा कपडा कामासारखा असतो हे आपल्याकडे ठाऊक होतंच. म्हणून चड्डी घातली की बाई मुक्त झाली असं मी म्हणत नाही, आणि पन्नास हजारांच्या सायकलीवरून कुणी तसं सांगू लागली तर तिच्याशीही भांडेन. पण त्रास होत असताना, त्यावर उपाय असताना, केवळ लाजेपायी तो न करणं आणि शेवटी सायकलच सोडून देणं, हे मला मान्य नाही. आमच्या गटातून दोघी अशाच गेल्या. कारण सांगितलं, "वेळ नाही."

सरकारी योजनांतून आपल्या गावोगावच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. त्या वाटपाच्या कार्यक्रमांना आपल्या कार्यकर्त्या जातात, भाषणं करतात. त्यातली दहा मिनिटं मुलांना बाहेर काढून सीटची उंची, घासणारे कपडे, पाळीच्या दिवसांत काय करायचं, यावर बोलता येईल. मुली हसतील. हसू द्यावं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई अकरा वर्षं सायकलने येतात. साडी वर खोचून, रोज चार घरं. दोरीवर वाळत घातलेली माझी चड्डी पाहून त्यांनी विचारलं, "ताई, ही उशी कशाला हो?" मी सांगितलं, तशा त्या पोळपाट सोडून खाली बसल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. मी जुनी ओढणी घडी करून लावते, पण ती सरकते." अकरा वर्षं. आणि त्यातली सहा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात, जिथे मी त्यांना कधी विचारलं नाही.

एक चड्डी मी त्यांना दिली. ती त्या परकराच्या आतून घालतात. कुणाला कळायचा प्रश्नच नाही, आरसा नाही, लिफ्ट नाही. आठवड्याने म्हणाल्या, "बरं वाटतंय, पण एकीने भागत नाही. रोज धुवायची तर दोन लागतील. आणि शेजारणीला पण हवीय, तीपण सायकलनेच जाते." बाजारात साधी चड्डीसुद्धा हजाराच्या आसपास पडते. मग आम्ही दोघी माझी एक जुनी उसवून, आतली गादी कशी बसवलीय ते बघत बसलो. त्यांच्या वस्तीत शिवणकाम करणारी एकजण आहे. कापड तिला दाखवायला त्या घेऊन गेल्यात.