भीमेकाठी चार दिवसांचे बिऱ्हाड

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला जाऊ लागले, आकाशकंदील माळ्यावर चढला, की घरोघरी एक जुना विषय नव्याने निघतो. यंदा हवापालटाला कुठे जायचे? यजमानांना गर्दी नको असते, मुलांना पाणी हवे असते, आजींना जिने चढवत नाहीत. आणि घरच्या गृहिणीला काय हवे असते, हे विचारायचे बहुधा राहूनच जाते. मग कुणीतरी तोडगा काढते, "हॉटेलात नको. पैसेही जातात आणि पोटही बिघडते. चार दिवस एखादे घरच घेऊ आणि आपले आपण करून खाऊ."

असे घर घेण्यासाठी आता कोकणातच जायला पाहिजे असे नाही. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की भिगवण लागते; बारामतीहून तर ते पंचवीसेक किलोमीटरच आहे. भिगवणच्या आसपास इंदापूर तालुक्यातली कुंभारगाव, डिकसळ ही गावे उजनीच्या जलाशयाच्या अगदी काठावर आहेत. पक्षी पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली, तशी तिथे राहण्याची सोयही होत गेली. कुठे यजमानांच्या घरातली खोली मिळते, कुठे शेतातले स्वतंत्र घर. आजच्या सदरात अशा बिऱ्हाडाचा विचार करू.

आपला शिधा आपण न्यायचा, दुसऱ्याच्या ओसरीवर चूल मांडायची आणि सकाळी पुढे निघायचे, ही चाल या मुलखाला मुळीच नवीन नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरीला जाते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होते. दिंड्यांचा शिधा बरोबर असतो, तरी गावकरी आपली घरे मोकळी करून देतात आणि पिठले-भाकरीच्या टोपल्या पुढे करतात. पाहुण्याला घरात घेणे म्हणजे काय, हे शिकायला इथल्या माणसाला कोणत्याही वर्गात जावे लागलेले नाही.

त्याचा जोडधंदा करावा, ही कल्पना मात्र अलीकडची. फ्रान्समध्ये १९५१ साली आल्प्सच्या पायथ्याशी एका खेड्यात असे पहिले घर पाहुण्यांसाठी उघडले. अशा घराला तिकडे 'झीत' म्हणतात. खेडी ओस पडत होती, घरे रिकामी राहत होती आणि शहरातल्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना हॉटेलातली सुट्टी परवडत नव्हती. दोन अडचणींची गाठ घातली आणि दोन्ही थोड्या हलक्या झाल्या. १९५५ साली अशा घरांचा देशव्यापी संघ झाला. आपल्याकडे २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. पुढे २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. आता अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. घर ठरवताना 'नोंदणी आहे का?' एवढे जरूर विचारावे. विचारल्याचा राग खऱ्या यजमानाला येत नाही.

आता त्या पाण्याविषयी. काठावर उभे राहिले की समुद्र वाटावा एवढा हा पसारा आहे, पण हे नैसर्गिक सरोवर नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात उजनीला भीमेवर धरण बांधायला १९६९ साली सुरुवात झाली आणि १९८० साली ते पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. पूर्ण भरला म्हणजे त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले निम्म्याहून अधिक मृत साठ्यात मोडते. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' असा मथळा येतो आणि शहरातला वाचक चक्रावतो. उणे याचा अर्थ पाणी संपले असा नाही. कालव्यांसाठी धरलेला हिशेब संपला आणि तळातल्या साठ्याला हात लागला, असा आहे. सोलापूर शहराची तहान आणि त्या जिल्ह्यातला पुष्कळसा ऊस याच पाण्यावर अवलंबून आहे.

हे पाणी साठवायचे म्हणजे कुणीतरी जागा सोडायला हवी होती. भीमेच्या दोन्ही काठांवरची अनेक गावे उठली. इंदापूर तालुक्यातले पळसदेव त्यातलेच. गाव वर महामार्गाकडे सरकले, पण पळसनाथाचे जुने दगडी मंदिर खालीच राहिले. पाणी फार ओसरले की त्याचे शिखर दिसू लागते आणि मग ते पाहायला लोकांची रीघ लागते. आपण ज्या ओसरीवर चहा घेत बसतो, ती त्या घराण्याची कित्येकदा दुसरी ओसरी असते. पहिली समोरच्या पाण्यात असते. म्हाताऱ्या माणसांना हात करून ती जागा दाखवता येते. मुलांना हे जरूर सांगावे. पाण्यात खडे मारून कंटाळलेली मुलेसुद्धा मग घटकाभर गप्प होतात आणि प्रश्न विचारू लागतात.

जायचे केव्हा, यात पुष्कळांची गल्लत होते. दिवाळीची सुट्टी लागली की मंडळी रोहित पक्षी पाहायला निघतात आणि हिरमुसली होऊन परततात. त्याला कारण आहे. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो. रोहित पक्ष्याला लांब पाय दिले आहेत ते उथळ पाण्यात उभे राहण्यासाठी. तो आपली वाकडी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. त्याच्या पंखांना गुलाबी रंग येतो तोही या खाण्यातूनच. तेव्हा पाणी उतरून चिखलाचे काठ उघडे पडल्याशिवाय त्याचे पान वाढले जात नाही. डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत जावे. याच दिवसांत पट्टेरी राजहंस आणि चक्रवाकही पाहायला मिळतात, आणि जवळच्या भादलवाडीच्या तलावावर बाभळींत घरटी करणारे चित्रबलाकही याच तालुक्यातले. याच सुमारास शेतात ज्वारीचा हुरडाही असतो. दिवाळीत बेत ठरवावा आणि थंडीत निघावे, हे उत्तम.

आता मुख्य गोष्ट, चूल. 'आपले आपण करून खाऊ' या वाक्यातला 'आपण' कोण, हे निघण्याआधी ठरले पाहिजे. नाहीतर होते असे, की यजमान दुर्बीण घेऊन काठावर, मुले होडीत, सासूबाई उन्हाला पाठ देऊन अंगणात आणि गृहिणी परक्या ओट्यापाशी साखरेचा डबा शोधत! घरी निदान डबे कुठे आहेत ते ठाऊक असते. तिचा हवापालट झाला तो एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात. चार दिवसांनी सगळे ताजेतवाने होऊन येतात आणि ती अंग धरून बसते, हे दृश्य ज्या घरात दिसत नसेल त्या घराला आमचा नमस्कार.

यावर उपाय आहेत, आणि ते फार अवघड नाहीत. पहिला हा, की एका वेळचे जेवण यजमानांच्या घरी सांगून टाकावे. गावातल्या बाईच्या हातची बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा, चालत असेल त्यांना उजनीची चिलापी किंवा मरळ, याची सर आपण नेलेल्या तयार मसाल्याच्या पुड्यांना यायची नाही. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. पहाटे चुलीपाशी बसायचे कष्ट तिने घेतलेले असतात. दुसरा उपाय, उरलेल्या वेळा वाटून घ्याव्यात. सकाळचा चहा-पोहे पुरुषांनी करावेत, भांडी मोठ्या मुलांनी विसळावीत. घरी न जमणारी ही शिस्त परगावी चटकन जमते, कारण तिथे 'ऑफिसला उशीर होतो' ही सबब नसते. तिसरा उपाय, स्वयंपाक एका पदार्थावर आणावा. मुगाची खिचडी, तूप, पापड आणि लोणचे यांवर कुणाची उपासमार झाल्याचे ऐकिवात नाही.

बरोबर काय न्यावे? तिखट-मीठ, मेतकूट, चहा-साखर, धारदार विळी किंवा सुरी, काड्यापेटी, विजेरी आणि डासांचे औषध. शेगडी आहे ना, सिलिंडर भरलेला आहे ना, पिण्याचे पाणी कुठले, ही चौकशी आधीच फोनवर करावी. भाजीपाला मात्र घरून नेऊ नये. वांगी, मेथी, कांदे, डाळिंबे तिथली घ्यावीत. इंदापूरकडचे डाळिंब आणि निमगाव केतकीची विड्याची पाने ही मुद्दाम आणण्याजोगी. पाहुणा गावात राहिला, पण पिशवीभर भाजीसुद्धा त्याने शहरातून आणली, तर गावाला त्याच्याकडून मिळाला तो फक्त केरकचरा.

होडीचीही गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा अंत झाला. इतक्या विस्तीर्ण पाण्यावर वारा उठला की लाटाही उठतात. तेव्हा प्रत्येकाच्या अंगात, लहानग्याच्याही, जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज पाय उचलू नये. पहाटे जावे, वारा सुटायच्या आत परतावे, आणि नावाडी 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नये. आणखी एक. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून 'जरा जवळ घ्या' असा आग्रह नावाड्याला कधी करू नये. बिदागीच्या आशेने तो बिचारा होडी घालतो. पक्षी तोंडचा घास टाकून उडतात, आणि दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा हेच केले तर ते ही जागाच सोडून जातील. मग होडीही रिकामी आणि ते घरही रिकामे.

शेवटी एक गोष्ट, जी ऐकायला गोड नाही. पुण्यातून वाहणाऱ्या मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडकडची पवना आणि इंद्रायणी यांचेही पाणी शेवटी भीमेतच येते. ही भीमा दौंडवरून थेट उजनीत उतरते. शहराचे जे सांडपाणी पुरते शुद्ध न होता नदीत पडते, ते आपल्या आधीच या जलाशयावर मुक्कामाला पोचलेले असते. आपण चार दिवसांच्या भाड्याने हे काठ घेतो. आपल्या मोरीतले पाणी मात्र तिथे बारमाही बिऱ्हाड करून आहे, आणि भाडे एक पैही देत नाही. काठावरच्या पाण्याला हिरवट साय आणि वास आला, की पाहुणे नाकाला पदर लावतात. काठावरचे कोळी त्याच पाण्यात जाळे टाकतात.

हे वाचून कुणी बेत रद्द करू नये. उलट जावे, म्हणूनच जावे. हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला खिडकीबाहेरच्या पाण्याशी काही कर्तव्य नसते. घर घेऊन राहणाऱ्याला शेजार असतो, आणि शेजाऱ्याला कर्तव्ये असतात. ज्यांनी आपली घरे पाण्याखाली जाताना पाहिली, त्यांच्या ओसरीवर चार दिवस राहून आलेले कुटुंब पुण्यात नदीचा विषय निघाला की कानाआड करणार नाही. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाला किती पैसे लागतील या चर्चेत त्या कुटुंबाला पळसदेव आठवेल, कुंभारगावचा नावाडी आठवेल. नगरसेवक मते मागायला दारी आला, तर 'मुठेचे काय केलेत?' असे त्या घरातली गृहिणी विचारील.

तर मंडळी, थंडीत चार दिवसांचे बिऱ्हाड जरूर करा. निघताना ओटा पुसा, केर लावा, आपला कचरा आपल्या पिशवीत घालून परत आणा, आणि यजमानीणबाईंच्या हातावर दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याचा नव्हे, मुद्दाम ताज्या केलेल्या लाडवांचा डबा ठेवा. डबा रिकामा परत येणार नाही. त्या घरची रीतच तशी आहे.