लाल चेहरा आणि संमतीची सही

चेहऱ्याला मनाचा आरसा म्हणतात. रोझेशिया या त्वचारोगात मात्र हा आरसा खोटे बोलतो. मनात राग नसतो, लाजही नसते, तरी नाक व गाल लाल राहतात. ऊन, तिखट, गरम चहा यांनी ती लाली आणखी भडकते. सावळ्या वर्णावर ती चटकन दिसत नाही आणि निदान राहून जाते. जिवाला धोका नाही हे खरे. पण लोक मद्यपानाचा संशय घेतात, ते दुःख लहान नव्हे.

अशा रुग्णास नव्या औषधाच्या चाचणीत येण्याविषयी विचारणा झाली, तर त्याने काय करावे? ब्रिमोनिडिनचे उदाहरण बोलके आहे. काचबिंदूच्या थेंबांतील हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून त्याचे जेल तयार करून ५०० हून अधिक रुग्णांवर पारखण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली. काहींना औषधाचे जेल, काहींना औषधाविना नुसतेच. कोणास काय मिळाले हे रुग्णास ठाऊक नव्हते, तपासणाऱ्या डॉक्टरांसही नव्हते. २०१३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पुढे वापरात मात्र काहींची लाली ओसरून पूर्वीपेक्षा अधिक उसळते, असेही आढळले.

तेव्हा चाचणी म्हणजे हमखास उपचार नव्हे. ते पुढच्या रुग्णांसाठी केलेले दान आहे, आणि दान डोळसपणेच करावे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये संमतीचे दृक्‌श्राव्य मुद्रण करण्याचा आदेश दिला, तो याच जाणिवेतून. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक आहे, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळावयास हवेत.

आपल्यासारख्या परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी घरांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. संमतिपत्र रुग्णास समजेल अशा भाषेत असले पाहिजे. घरातील वडीलधाऱ्यांना मराठीच नीट उमगत असेल, तर मराठीतच मागावे; त्यात संकोच कसला? नुसते जेल मिळण्याचा संभव किती, चालू औषधे थांबवावी लागतील काय, त्रास झाल्यास कोणाकडे जावे, हे विचारावे. कारण न सांगता मध्येच बाहेर पडण्याची मुभाही असते. ‘डॉक्टरसाहेब म्हणाले’ एवढ्यावर सही करू नये. कागद घरी आणावा, चौघांत वाचावा, आणि मग होकार वा नकार निःशंक मनाने द्यावा.