तीनच्या तालाला पाय नसतात काय?

मध्यंतरी एका लग्नसमारंभात आम्ही एक प्रसंग पाहिला. वॉल्ट्झ सुरू होता. बेस गिटार वाजवणारा तरुण प्रत्येक मात्रेवर एकेक स्वर देत एका कॉर्डकडून दुसरीकडे चालत निघाला होता. वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी त्यास सर्वांदेखत अडवले. ‘तीनच्या तालात बेस चालत नसतो. पहिल्या ठोक्यावर एक स्वर दे आणि गप्प राहा!’ उरलेली संध्याकाळ तो तरुण मान खाली घालून ‘धूम-चिक-चिक’मधील केवळ ‘धूम’ वाजवत राहिला.

ही आज्ञा अज्ञानातून आली होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मंडळींचा युक्तिवाद ठरलेला असतो : माणसाला पाय दोन, म्हणून चालणारा बेस चारच्या तालातच शोभतो. वाचकहो, वॉल्ट्झ नाचणाऱ्या जोडप्याच्या पायांकडे एकदा पाहा. एका बारमध्ये उजवे-डावे-उजवे, तर पुढच्यात डावे-उजवे-डावे. मात्रेमागे एक पाऊल पडते आणि आरंभीचे पाऊल दर बारला बदलते. नाचणारा तीनांत चालतो. मग वाजवणाऱ्यानेच का लंगडावे?

या चालीचे शास्त्रही अवघड नाही. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर, दुसरीवर त्याच कॉर्डमधील दुसरा स्वर आणि तिसरीवर पुढील मूळ स्वराच्या दारात नेऊन सोडणारा शेजारस्वर. रे-मायनरवरून सोल-सेव्हन्थमार्गे दो गाठायचा असेल, तर रे, फा, ला फ्लॅट. सोल, सी, रे फ्लॅट. आणि मग दो. चारच्या तालात वाट पाहण्यास एक मात्रा अधिक मिळते. येथे ती सवड नाही. तिसरे पाऊल चुकले की घर चुकले. म्हणून ही चाल शिकणे म्हणजे स्वरसंवाद नीट शिकणे होय.

इतिहासही आमच्याच बाजूने आहे. फॅट्स वॉलर यांचा ‘जिटरबग वॉल्ट्झ’ 1942 सालचा. सनी रॉलिन्स यांनी 1956 मध्ये ‘वाल्स हॉट’ ध्वनिमुद्रित केले. त्यात बेसवर जॉर्ज मॉरो आणि ड्रमवर मॅक्स रोच होते. याच रोच यांनी पुढे तीनच्या तालातील जॅझची संपूर्ण तबकडीच काढली. 1961 मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या ‘समडे माय प्रिन्स विल कम’मध्ये पॉल चेंबर्स आरंभी एकाच स्वरावर पाय रोवून उभे राहतात आणि नंतर चालू लागतात.

सदैव चालतच राहावे, असा आमचा आग्रह मुळीच नाही. त्याच वर्षी बिल एव्हान्स यांच्यासोबत ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ वाजवताना स्कॉट लाफारो यांचा बेस कधी थबकतो, कधी पियानोशी संवाद साधतो. थांबणे हीदेखील कला आहे. परंतु ज्याला चालता येते, त्याच्याच थांबण्याला अर्थ असतो.

गोव्याच्या पॅरिश-शाळांत सोल्फेजो शिकून आलेल्या वादकांनी एके काळी मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ उभे केले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने आपल्या मुलाला ‘गप्प राहा’ म्हणावे, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. ‘धूम-चिक-चिक’ तर आज कीबोर्डचे एक बटणही वाजवते. आपल्या मुलांना आपण बटणाचीच कामे देणार असू, तर उद्या मांडवात केवळ बटणेच उरतील आणि तो दोष त्यांचा नसेल.