खळं रस्त्यावर करा, आमच्या रानात नको



आपल्या वाड्या-वस्त्यांना रस्ता पाहिजे, यात दोन मतं नाहीत. बाळंतीण बाजेवर घालून डांबरीपर्यंत न्यावी लागते. पावसाळ्यात पोरांची शाळा बुडते. रेशनचं पोतं डोक्यावर आणावं लागतं. तेव्हा 'ही माणसं विकासाच्या आड येतात' असं कुणी म्हटलं, तर पहिल्यांदा हेच सांगा. आपलं भांडण रस्त्याशी नाही. रस्ता कसा होतो आणि तो होताना कुणाचं रान तुडवलं जातं, याच्याशी आहे.

जमिनीची लढाई म्हटली की आपण दावा, पट्टा, सात-बारा, मोजणी यावर बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण कागदावरची जमीन वेगळी आणि पायाखालची माती वेगळी. कागद हाती आला आणि माती मेली, तर पेरायचं कुठं? म्हणून या अंकात माती दाबली जाण्यावर लिहितो आहे. वरवर बघता हा इंजिनिअरचा विषय वाटेल. पण धाराशिव जिल्ह्यात सोलापूर-येडशी-बीड महामार्ग चौपदरी झाला, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेच्या भरावाचं काम चालू आहे, शक्तिपीठ महामार्गाच्या जाहीर आराखड्यात आपला जिल्हा आहे, आणि गावोगाव जोडरस्ते निघतायत. जिथं भराव तिथं मुरूम, जिथं मुरूम तिथं हायवा, आणि हायवा आला की त्याची वाट बहुतेक वेळा गायरानातनं, वनजमिनीच्या कडेनं, म्हणजे आपल्या रानातनं जाते.

खळ्याचं शहाणपण

माती दाबायची कशी, हे आपल्याला कुठल्या कॉलेजात शिकावं लागलं नाही. आपल्या आज्या-पणज्या खळं करायच्या ते आठवा. गवत खुरपून काढायचं, पाणी शिंपडायचं, माती जरा मुरू द्यायची, मग बैल गोल गोल फिरवायचे, धुमसानं ठोकायचं आणि वरून शेणानं सारवायचं. कोरड्या मातीवर कुणी खळं करत नव्हतं, आणि चिखलातही करत नव्हतं. ओल बेताची लागते. असं केलेलं खळं इतकं घट्ट बसतं की ज्वारीचा दाणा मातीत जात नाही आणि पाणी टाकलं तर वरूनच वाहतं. पुढच्या साली त्याच जागेवर पेरलं तर पीक खुरटं येतं, हेही कष्टकऱ्याला माहीत आहे.

याचं कारण सोपं आहे. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत हवा असते, पाणी असतं, मुळांची वाट असते. माती दाबली की मोठी भोकं पहिल्यांदा बुजतात, आणि पाणी खाली जिरवणारी नेमकी तीच असतात. रस्त्याला भोकं नकोत, शेताला ती पाहिजेतच. एकाच मातीची ही दोन कामं एकमेकांच्या उलटी आहेत.

इंजिनिअर लोकांनी हेच शास्त्रात मांडलं. १९३३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरनं धरणाच्या भरावासाठी दाखवून दिलं, की प्रत्येक मातीची एक ठरावीक ओल असते आणि त्या ओलीला दाबली तर ती सगळ्यात घट्ट बसते. त्याहून कोरडी असली तर कण एकमेकांवर घासतात, सरकून बसत नाहीत. त्याहून ओली असली तर पाणीच जागा अडवून बसतं. आपल्या सरकारी प्रयोगशाळेत आजही तीच परीक्षा घेतात: लोखंडी साच्यात मातीचे तीन थर, प्रत्येक थरावर २.६ किलोच्या हातोड्याचे २५ घाव. प्रयोगशाळेत जो घट्टपणा येतो, त्याच्या ठरावीक टक्के घट्टपणा रस्त्याच्या भरावात आला पाहिजे आणि वरच्या थरात त्याहून जास्त, असा बांधकामाचा नियम आहे. त्यासाठी मुरूम वीतभर थरानं पसरायचा, टँकरनं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि मगच वरचा थर टाकायचा.

जिथं दाबायची तिथं दाबत नाहीत

आता आपल्या वस्तीच्या रस्त्यावर काय होतं ते बघा. हायवा येतो, दोन-तीन फूट ढीग ओततो. जेसीबी बकेटनं वरून थापटतो. टँकर कागदावर येतो. रोलर शेवटच्या दिवशी फोटोपुरता एकदा फिरतो. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो, आत मात्र माती पोकळ राहते. पहिला मोठा पाऊस पडला की मोरीच्या दोन्ही अंगाला भराव खचतो, कारण तिथं रोलर पोचत नाही आणि हातानं ठोकायला मजूर लावलेला नसतो. मग खड्डा, मग दुरुस्तीचं टेंडर, मग परत तेच.

१९७२ च्या दुष्काळात याच बालाघाटाच्या माळावर बायामाणसांनी खडी फोडली, मुरमाचे रस्ते केले, पाझर तलावांचे बांध घातले. गाभ्यात काळी माती, बाहेरून मुरूम, थरावर थर आणि प्रत्येक थराला पाणी, हे ती माणसं अजून सांगतात. न ठोकलेला बांध पाझरतो आणि एक दिवस फुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा 'तुम्हाला यातलं काय कळतं' असं साईटवर कुणी म्हटलं तर खाली मान घालू नका.

परीक्षा आपणही घेऊ शकतो. रोलर फिरायच्या आधी मूठभर माती उचला आणि दाबा. लाडू वळला, पण हाताला चिकटला नाही, तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी मारलेलं नाही. रोलर फिरल्यावर पहार रोवून बघा. सहज हातभर आत गेली तर दाबलेलं नाही. आणि इंजिनिअरला सांगा की आमच्यासमोर वाळूची चाचणी घ्या. त्यात भरावात खड्डा घेऊन निघालेली माती तोलतात आणि त्याच खड्ड्यात मापाची वाळू भरून घट्टपणा काढतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

जिथं नको तिथं दाबतात

तोच ठेकेदार आपल्या रानात काय करतो? मुरमाच्या खाणीपासून कामापर्यंत जवळची वाट म्हणून पट्ट्याच्या जमिनीतनं, कसत असलेल्या गायरानातनं हायवा घालतो. विचारलं तर म्हणतो, 'तुमचा सात-बारा कुठंय?' दिवसाला पन्नास खेपा, दोन महिने. रस्त्यावर जो रोलर फिरायला पाहिजे होता, तो फुकटात आपल्या रानात फिरतो.

कुणी म्हणेल, बैलाच्या पायानंही माती दाबते की. दाबते. पण बैलजोडीचं वजन दहा क्विंटलच्या आसपास. तिचा दाब वरच्या चार बोटांत राहतो आणि कुळवाच्या एका पाळीत मोकळा होतो. भरलेल्या दहाचाकी हायवाच्या नुसत्या मागच्या दोन आसांवर वीसेक टन म्हणजे दोनशे क्विंटल बोजा असतो. वरच्या थराचं नुकसान चाकाच्या दाबावर ठरतं, खोलवरचं नुकसान एकूण वजनावर ठरतं. एवढ्या वजनाचा दाब हातभर खोल जातो, जिथं कुळव पोचत नाही आणि साधा नांगरही पोचत नाही. इतक्या खोल दाबलेली माती वर्षानुवर्षं तशीच राहते, असं परदेशातल्या दीर्घ प्रयोगांतही दिसलं आहे.

त्यात जमिनीचा फरक आहे. खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, भेगांत माती पडते, पावसात फुगते. ती स्वतःला थोडीफार नांगरून घेते. पण काळी, खोल जमीन आपल्या वाट्याला किती आली? आपल्या वाट्याला आली ती माळाची, बरड, मुरमाड, वीत-दोन वीत मातीची. ती भेगाळत नाही, फुगत नाही. ती एकदा दाबली की आपोआप सुटत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेळ. ज्या ओलीला माती सगळ्यात घट्ट बसते ती ओल आणि आपला वाफसा, यात फार अंतर नाही. वाफशावर कुळव घातला तर माती मोकळी होते. त्याच वाफशावर हायवा घातला तर ती रस्त्यासारखी बसते. म्हणून जून-जुलैत रानातनं गेलेली एक खेप उन्हाळ्यातल्या कैक खेपांपेक्षा महाग पडते.

नुकसान ओळखायचं कसं? पाऊस झाल्यावर चाकोरीत पाणी तुंबतं का बघा. त्या पट्ट्यातलं सोयाबीन पिवळं पडतं, आणि ऑगस्टात पावसानं ओढ दिली की तेच आधी सुकतं. तुरीचं एक झाड मुळासकट उपटा. सोटमूळ सरळ खाली न जाता आडवं वळलेलं असेल तर खाली तवा धरलेला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं नद्यांनी रानं खरडून नेली ते आपण पाहिलं. तसा पाऊस दाबलेल्या रानावर पडला तर जिरायचं सोडा, सगळं पाणी वरनंच धावतं आणि उरलेली वीतभर मातीही घेऊन जातं.

काम संपल्यावर ठेकेदार म्हणतो, 'जेसीबीनं लेव्हल करून देतो.' या शब्दाला भुलू नका. लेव्हल करणं म्हणजे वरून तोंड पुसणं. खालचा तवा तसाच राहतो, आणि लेव्हल करताना जेसीबी त्यावर आणखी चार वेळा फिरतो.

आणि मग ती माती आपल्याच विरुद्ध साक्ष देते

दाव्याची स्थळपाहणी होते तेव्हा साहेब बुटाच्या टाचेनं माती उकरून बघतात आणि म्हणतात, 'कडक हाय की. इथं नांगर लागलेला दिसत नाही. पडीक लिहा.' अहो, कडक केली कुणी? आपलं रान आधी तुडवायचं आणि मग तुडवलेलं आहे म्हणून ते आपलं नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

साथींनो, वनहक्क कायद्याच्या नियमात मातीच्या मऊपणाची अट कुठंही नाही. नियम १३ मध्ये पुरावे दिले आहेत: घर, झोपडी, सपाटीकरण, बांध, छोटे बंधारे, आणि दावेदार सोडून गावातल्या वयस्क माणसांचा लेखी जबाब. असे एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यायचे असतात. तेव्हा बांध दाखवा, वेचलेल्या दगडांचे ढीग दाखवा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. चाकोरीची रुंदी मोजा, आणि हायवा कधीपासून गेला ते पंचनाम्यात लिहायला लावा. गायरानवाल्यांनीही हेच करावं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय आहे, पण तिथंही 'पडीक' हा एक शब्द सगळं बुडवतो.

कायदा आपल्या बाजूनं थोडा आहे, तो वापरू. वनजमिनीतनं गावासाठी रस्ता काढायचा तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ही शिफारस देताना ठरावात आपल्या अटी लिहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात वनहक्क मिळालेला माणूसही जमीनमालक धरला आहे. त्याच कायद्याच्या कलम ८१ आणि ८२ मध्ये तात्पुरत्या ताब्याची तरतूद आहे: जास्तीत जास्त तीन वर्षं, त्याची भरपाई, मुदत संपल्यावर नुकसानीचे पैसे, आणि जमीन पूर्वीच्या कामाला कायमची निकामी झाली तर मागणी केल्यावर सरकारनं ती संपादित करायची. ठेकेदार तोंडी परवानगी मागतो ती हे सगळं टाळायलाच. दोन-चार हजार हातावर ठेवून घेतले की आपण हक्क सोडला, असं पुढं सांगितलं जातं.

आपल्या घरातही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळाला म्हणून ओल्या रानात रोटाव्हेटर घालायचा, हेही बंद करा. दरवर्षी त्याच खोलीवर फिरवला की तोही खाली तवा धरतो. वाफसा येऊ द्या. दाबलेल्या पट्ट्यात कोरडं असताना खोल खणा, शेणखत घाला, ताग किंवा तूर घ्या. मुळांइतका चांगला नांगर नाही, फक्त त्याला दोन-तीन सालं लागतात.

ग्रामसभेच्या ठरावासाठी मागण्या

१. कामाच्या गाड्यांची वाट कामाआधी नकाशावर ठरवा. कसत्या जमिनीतनं लेखी संमतीशिवाय एकही खेप नको.

२. पाऊस पडल्यापासून रान पूर्ण सुकेपर्यंत शेतातनं अवजड गाडी बंद.

३. वाट द्यावीच लागली तर एकच पट्टा, खुणा करून. वरची माती आधी बाजूला काढून ठेवा, शेवटी परत पसरा.

४. नुसतं लेव्हल नको. कोरड्या दिवसांत हातभर खोल मोकळं करून, खत घालून द्या, आणि पुढच्या तीन हंगामांची तूट भरून द्या.

५. भरावाच्या प्रत्येक थराची चाचणी ग्रामसभेच्या दोन माणसांसमोर. त्यात एक बाई असलीच पाहिजे. आकडे मराठीत फलकावर लावा.

६. स्थळपाहणीत 'कडक' किंवा 'पडीक' लिहायचं असेल तर कशानं कडक झाली, तेही लिहा.

या सहा मागण्यांत रस्ता अडवणारी एकही नाही. उलट त्या मानल्या तर रस्ता जास्त टिकेल. पुढच्या ग्रामसभेत हा अंक वाचून दाखवा, ठराव घ्या, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय तहसीलच्या पायऱ्या उतरू नका.

कसेल त्याची जमीन, आणि ती पिकती जमीन!